पट्टी हिरवी, वही पिवळी

फजरनंतरचा अर्धा तास आमच्या घरात सगळ्यात शांत असतो. धाकटी न्हाणीघरातून एक छोटा प्लास्टिकचा डबा दोन्ही हातांनी सांभाळत आणते, खिडकीजवळच्या फरशीवर ठेवते. बाटलीतून एक पट्टी काढते, टोकाच्या चौकोनाला बोट न लावता ती डब्यात बुडवते, कडेवर झटकते आणि साठपर्यंत मोजते. मग पट्टी बाटलीवरच्या रंगांना लावून बघते. त्या एका मिनिटात दादींची तसबीह थांबते, चहाचं आधण उकळत राहतं आणि आम्ही दोघं काही तरी काम करत असल्याचं सोंग करतो.

चौकोन पिवळा राहिला तर दिवस चांगला. हिरवा झाला तर नाही.

वाचक भगिनी-बंधूंनो, लहान मुलाला घरी विज्ञान कसं शिकवावं, असं आम्हाला अलीकडे ओळखीचे लोक विचारतात. त्यांना वाटतं, आमच्याकडे काही पद्धत असेल. पद्धत नव्हती, पट्टी होती. तिच्यापासून जे सुरू झालं ते इथे सांगतो. आमची एक चूकही सांगतो, कारण शिकवण्यापेक्षा आम्ही त्या चुकीतूनच जास्त शिकलो.

पाच वर्षं चार महिन्यांची असताना, एका फेब्रुवारीत, धाकटीच्या पापण्या सुजल्या. आम्हाला वाटलं डास चावला. दादी म्हणाल्या नजर लागली. चौथ्या दिवशी तिच्या पायात चप्पल जाईना तेव्हा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, नेफ्रोटिक सिंड्रोम. मूत्रपिंडांची, म्हणजे आपण घरात ज्यांना गुर्दे म्हणतो त्यांची, गाळणी सैल होते आणि रक्तातलं प्रथिन लघवीवाटे वाहून जातं. बहुतेक मुलं स्टेरॉइडच्या गोळ्यांनी सावरतात, पण आजार पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो. सर्दी-खोकल्याचं निमित्त त्याला पुरतं. म्हणून रोज सकाळी लघवी घरीच तपासायची, वजन करायचं आणि वहीत लिहायचं. तीन दिवस सलग ‘थ्री प्लस’ आलं की लगेच यायचं.

मोठा डोस चालू असेपर्यंत गर्दी टाळा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यानंतर शाळेत पाठवायला त्यांची हरकत नव्हती. धीर आमचाच झाला नाही. जूनमध्ये इतर मुलं नवी दप्तरं घेऊन निघाली आणि आमची घरी राहिली. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांचा आहे, आणि तिला सहा पूर्ण व्हायला अजून काही महिने होते. एक वर्ष घरी शिकवू, पुढच्या जूनला पहिलीत घालू, असं ठरवलं.

ठरवणं सोपं होतं. आमच्यातली एक उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. बीएडही याच दोन भाषा घेऊन केलेलं. दुसऱ्याचं रोशन गेटजवळ मोटार-पंप दुरुस्तीचं दुकान, शिक्षण दहावीपर्यंत. कविता, पत्रलेखन, बेरीज-वजाबाकी यांची भीती नव्हती. विज्ञानाची होती. शाळेत असताना ऑक्सिजन तयार करण्याची कृती आकृतीसह आम्ही कितीदा तरी लिहिली, पण चंचुपात्र कधी हातात धरलं नाही. आम्हाला विज्ञान म्हणजे पाठांतर, हेच माहीत.

म्हणून सुरुवातही तशीच झाली. शाळा सकाळच्या सत्रात, त्यामुळे दुपार मोकळी. वेळापत्रक केलं, पुठ्ठ्याचा फळा केला. पहिला धडा, सजीव-निर्जीव. धाकटीनं दोन दिवसांत सगळं पाठ केलं आणि आठव्या दिवशी फळ्याकडे पाठ करून बसली. ओरडावं की लाड करावेत हे आम्हाला सुचेना. तेवढ्यात ती म्हणाली, “अम्मी, पट्टी हरी कायको होती?”

दखनीतल्या या एका प्रश्नाचं उत्तर आम्हा दोघांकडे नव्हतं. चार महिने रोज पट्टी बघत होतो आणि हा प्रश्न आमच्या मनात एकदाही आला नव्हता.

पुढच्या भेटीत तो प्रश्न आम्ही डॉक्टरांसमोर ठेवला. ते हसले आणि म्हणाले, “घरात अंडं आहे ना?” पट्ट्या महाग पडतात, म्हणून लघवी तापवून तपासायची जुनी रीत त्यांनी आम्हाला आधीच दाखवली होती. तीच अंड्यावर करून दाखवा, म्हणाले.

त्या रविवारी आम्ही अंड्याचा पांढरा भाग चमचाभर घेतला, ग्लासभर पाण्यात चिमूटभर मीठ घालून ढवळला आणि मलमलच्या कापडातून गाळला. दिसायला जवळजवळ पाणीच. एका परीक्षानळीत हे, दुसरीत साधं पाणी. नळीचा वरचा भाग अब्बांनी चिमट्यात धरून मेणबत्तीवर तापवला. विस्तवाचं काम मोठ्यांचं, हा नियम पहिल्या दिवसापासून आहे. थोड्या वेळानं अंड्याच्या पाण्यात वरच्या बाजूला भाताच्या पेजेसारखा गढूळपणा आला. साध्या पाण्याला काही झालं नाही. मग धाकटीनं आपली एक पट्टी अंड्याच्या पाण्यात बुडवली. पट्टी हिरवी झाली.

ती घाबरून म्हणाली, “अंड्यालापण माझी बीमारी आहे?”

आम्ही हसलो. मग लक्षात आलं, तिनं बरोबरच विचारलं होतं. पट्टीला आजार कळत नाही, तिला फक्त प्रथिन कळतं. अंड्यात प्रथिन असावंच लागतं, लघवीत एवढं असू नये. जागा चुकली की आजार. हे तिला समजलं आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी आम्हालाही समजलं.

“साधं पाणी कशाला तापवलं? त्याला काहीच झालं नाही,” तिनं विचारलं. या वेळी उत्तर अब्बांकडे होतं. ते म्हणाले, “मोटार बिघडली की मी शेजारी चांगली मोटार लावून बघतो. चांगली कशी चालते ते समोर नसलं, तर बिघडलेली कशी ओळखायची?” बीएडच्या कुठल्याही पाठटाचणात आम्ही हे इतकं सोपं करून लिहिलं नव्हतं. घरातल्या विज्ञानाचे मास्तर कोण, हे त्या दिवशी ठरलं.

मोजणीचंही तसंच झालं. साठ आकडे ती कधी सावकाश मोजायची, कधी पळत सुटायची, आणि वेळ चुकला की पट्टीचा रंग नीट वाचता येत नाही. अब्बांनी दुकानातला एक जड नट आणला, दोरीला बांधला आणि दाराच्या चौकटीला टांगला. खिळ्यापासून नटाच्या मध्यापर्यंत जवळजवळ एक मीटर. असा लंबक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला साधारण एक सेकंद घेतो. नट जड केला, झोका थोडा लहान-मोठा केला, तरी वेळ तीच. दोरी आखूड केली की मात्र नट घाईला येतो. हे तिनं दोरीला गाठी मारून स्वतः शोधलं. तेव्हापासून पट्टीचे साठ नटाच्या झोक्यांवर मोजले जातात.

गाळणी समजावायला घरातली चहाची जुनी गाळणी कामी आली. आधी तिच्यातून चहा गाळला, पत्ती वर राहिली. मग खिळ्यानं चार भोकं मोठी केली आणि पुन्हा गाळला. कपात पत्ती. तिनं कपात बघितलं, मग स्वतःच्या कमरेला मागून हात लावून विचारलं, “इथे?” हो, तिथेच.

बकरी ईदला आम्ही खाटीकभाईंना सांगून गुर्दे वेगळे ठेवायला लावले. दरवर्षी तव्यावर जाणारा गुर्दा या वेळी आधी पाटावर आला. तिनं तो हातात घेतला, दाबला, वास घेतला, नाक मुरडलं. अब्बांनी धारदार सुरीनं तो उभा चिरला. बाहेरचा थर गडद, आतला फिकट, मधोमध पोकळी आणि तिथून निघालेली नळी. माणसाच्या एकेका गुर्द्यात साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात, हे आम्ही वाचून ठेवलं होतं. तिनं दोन्ही तुकडे उजेडात फिरवून बघितले आणि म्हणाली, “एकपण भोक नाही.”

“फार बारीक असतात बेटा, डोळ्याला दिसत नाहीत.”

“मग आहेत हे कुणी पाहिलं?”

सूक्ष्मदर्शकाची गोष्ट सांगितली. तिचं पूर्ण समाधान झालं नाही. होऊ नये, असं आता वाटतं. वहीत तिनं गुर्द्याचं चित्र काढलं आणि भोकं काढली नाहीत.

या वहीबद्दल सांगायला हवं. आमची एक वही होती, डॉक्टरांना दाखवायची. तारीख, वजन, गोळी, आणि ‘निल’, ‘ट्रेस’, ‘वन प्लस’, ‘थ्री प्लस’. तिला ते लिहिता येत नव्हतं, म्हणून आम्ही तिला चौकोनाची वेगळी वही दिली. रोज सकाळी एक चौकोन, पट्टीच्या रंगाच्या खडूनं रंगवायचा. रंगांना नावंही तिनंच दिली. पिवळा तो लिंबू, जरासा हिरवट तो कैरी, पुढचा पोपट, आणि सगळ्यात गडद तो मेहंदी. तिची वही म्हणजे आमच्या लेखी खेळ होता. खरी वही आमची.

त्याच दिवसांत तिच्या लक्षात एक गोष्ट आली होती. सूज असली की सकाळी तोंड सुजतं आणि संध्याकाळी पाय. का? झोपलेलं असताना पाणी तोंडाकडे पसरतं, दिवसभर उभं-बसलेलं असताना खाली उतरतं. पाणी उताराकडे जातं. ते ऐकून ती म्हणाली, “मग पनचक्कीचं पाणी भिंतीवरून कसं पडतं? ते वर कसं चढलं?”

लहानपणी तिला तिथे नेलं होतं, तेवढं तिच्या लक्षात होतं. आम्ही मात्र जन्म छत्रपती संभाजीनगरात काढला, शेकडो पाहुण्यांना पनचक्की दाखवली, आणि हा प्रश्न कधी विचारला नाही. एका सकाळी, गर्दी नसताना, तिला घेऊन गेलो. उंच भिंतीवरून हौदात कोसळणारं पाणी, पाण्याच्या जोरानं फिरणारी पाती आणि त्यांच्यामुळे फिरणारं जातं. इथे पूर्वी दर्ग्याच्या मुसाफिरांसाठी आणि शागिर्दांसाठी धान्य दळलं जाई. या मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे, हे कळल्यावर तिनं वाकून वर-खाली दहा वेळा बघितलं.

घरी आल्यावर अब्बांनी गवंड्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी आणली. नळीत पाणी भरून दोन्ही टोकं दोघांनी धरली. एक टोक कितीही वर-खाली करा, दोन्हीकडचं पाणी एकाच रेषेत येऊन थांबतं. गवंडी भिंतीची पातळी याच रीतीनं घेतात. मग बादली ओट्यावर ठेवून तिच्यातून नळी जमिनीपर्यंत खाली आणि पुन्हा वर नेली. टोक बादलीतल्या पाण्यापेक्षा खाली असेपर्यंत पाणी वाहतं, त्याच्या वर नेलं की थांबतं. पनचक्कीचं पाणी हर्सूलच्या बाजूनं, उंचावरून, बंद नळांतून येतं. म्हणून ते शहरात येऊन पुन्हा वर चढू शकतं. उगमाच्या वर मात्र ते जाणार नाही.

एकदा नळीत हवेचा बुडबुडा अडकला आणि पाणी थांबलं. अब्बा म्हणाले, “पंपाचंही असंच होतं. आत हवा शिरली की पाणी उचलत नाही.” आपल्या जुन्या नहरींच्या वाटेवर जागोजागी उंच मनोरे बांधलेले दिसतात, ते हवेला वाट मिळावी आणि पाण्याचा दाब आवरता यावा म्हणून. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी वसवली आणि शहराला नहरीचं पाणी दिलं, हे आम्ही इतिहासाचा धडा म्हणून पाठ केलं होतं. त्या पाण्याचं कसब आम्हाला आमच्या ओट्यावर, सहा वर्षांच्या मुलीसमोर कळलं. आमच्या मोहल्ल्यात नळाला रोज पाणी येत नाही. नहरीची गोष्ट ऐकून दादी म्हणाल्या, “तेव्हाच्या लोकांना जमलं होतं म्हणायचं!”

बकरी ईदच्या दुसऱ्या दिवसापासून तिची तिसरी वही सुरू झाली, चांदाची. रोज गच्चीवर जायचं आणि चांद दिसेल तसा काढायचा. काही दिवसांनी तो संध्याकाळी सापडेना, म्हणून ती रडवेली झाली. मग एका पहाटे दादींनी तिला उठवून दाखवला. चांद सकाळीपण असतो, हा तिचा त्या महिन्यातला सगळ्यात मोठा शोध. महिन्याच्या २९ तारखेला मगरिबनंतर सगळे गच्चीवर गेलो. जुलैचं आभाळ, ढगच ढग. तिनं चौकोन राखाडी रंगवला. दादी म्हणाल्या, “लिही, आज चांद नव्हता.”

ती म्हणाली, “नव्हता नाही, दादी. दिसला नाही.”

दादींनी आमच्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, “बरोबर आहे. चांदाची गवाही देणारासुद्धा जे पाहिलं तेवढंच सांगतो.” आम्ही भाषेची माणसं. ‘नव्हता’ आणि ‘दिसला नाही’ यांतला फरक वर्गात व्याकरण म्हणून शिकवतो. इतक्या वर्षांत त्याचा खरा उपयोग पहिल्यांदा बघितला. गुर्द्यातली भोकं तिला दिसली नव्हती, म्हणून तिनं काढली नव्हती. पण ती नाहीत, असंही ती म्हणाली नव्हती.

आता आमची चूक.

ऑगस्टमध्ये सर्दीनंतर एकदा पट्टी सलग तीन दिवस मेहंदी झाली. वेळेवर गेलो, गोळ्या वाढल्या, सूज न येता ती सावरली. पण गोळ्या वाढल्या की काय होतं, हे ज्यांच्या घरात झालंय त्यांनाच माहीत. चेहरा गोल होतो, सतत भूक लागते, चिडचिड वाढते. सूज असली तर मीठ कमी. एका कार्यक्रमात कुणी तरी कौतुकानं तिचा गाल ओढून म्हणालं, “किती गुबगुबीत झाली!” त्या रात्री ती जेवली नाही.

जानेवारीत घरात निकाह होता. आठवडाभर आधी तिला सर्दी झाली. पहिल्या सकाळी पट्टी पोपट. आम्ही लिहिलं, ‘ट्रेस’. सर्दीत थोडं वर-खाली होतं, दोन दिवसांत उतरेल, असं म्हणून. दुसऱ्या दिवशी मेहंदी. आम्ही लिहिलं, ‘वन प्लस’. तिसऱ्या दिवशीही ‘वन प्लस’. आम्ही एकमेकांशी यावर बोललोही नाही. दोघांनाही माहीत होतं आणि दोघांनीही लिहिणाऱ्या हाताकडे बघायचं टाळलं. थ्री प्लस लिहिलं असतं तर तिसऱ्याच दिवशी दवाखाना, मोठा डोस, पुन्हा तो गोल चेहरा, निकाहात पुन्हा तीच बोलणी. वहीत कमी लिहिलं तर आजारही कमी होईल, असं कुणी शहाणा माणूस मानणार नाही. आम्ही मात्र तीन दिवस तसंच वागलो.

चौथ्या दिवशी ती आमच्या वहीजवळ आली. तोवर तिला अक्षरं आणि आकडे वाचता येऊ लागले होते. म्हणाली, “अम्मी, पट्टी हिरवी आहे. तुमची वही पिवळी कशी?”

“बेटा, सर्दी आहे ना, म्हणून.”

“सर्दी आहे ते पण लिहा. पण पट्टी हिरवी आहे.”

आम्ही तिला खेळायला पाठवलं. सहाव्या दिवशी पापण्या मिटू लागल्या, वजन दीड किलोनं वाढलं, आणि निकाहाच्या आदल्या रात्री आम्ही तिला घेऊन दवाखान्यात होतो.

डॉक्टरांनी विचारलं, “हिरवं कधीपासून?” आम्ही वही पुढे केली. त्यांनी पानावरून बोट फिरवलं, तिच्या पायावर अंगठा दाबून सुजेचा खळगा बघितला, पुन्हा वही बघितली. दोन्ही जुळत नव्हतं. तेवढ्यात तिनं आपल्या पिशवीतून चौकोनांची वही काढली आणि पलंगावर उघडून ठेवली. पोपट, मेहंदी, मेहंदी, मेहंदी, मेहंदी, मेहंदी. त्यांनी आमची वही मिटून बाजूला ठेवली आणि तिच्या वहीवरून तारखा उतरवून घेतल्या. आम्हाला ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

चार दिवस ती दवाखान्यात होती. निकाह आमच्याविना झाला.

दवाखान्याच्या बाकावर आम्हाला स्वतःचीच भाषणं आठवत होती. शाळेच्या कार्यक्रमांत आम्ही इब्न अल-हैसम यांचं नाव किती अभिमानानं घेतो! हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेले, कैरोत काम केलेले. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून येणारा उजेड त्यांनी तपासला, ‘किताब अल-मनाझिर’ लिहिली. जुन्या थोरांनी लिहिलं म्हणून मानू नका, स्वतःच्या मतावरही शंका घ्या आणि तपासा, ही त्यांची शिकवण. टाळ्या पडतात, आपल्या पूर्वजांनी विज्ञान दिलं म्हणून छाती फुगते. आणि घरी आल्यावर आम्हाला एका पट्टीचा रंग आहे तसा लिहिता आला नाही. त्यांचं नाव घेणं सोपं, त्यांच्यासारखं एक पान लिहिणं अवघड. आमच्या घरात ते काम एक सहा वर्षांची मुलगी करत होती, आणि आम्ही तिच्या वहीला खेळ समजत होतो.

त्यानंतर घरात एकच वही राहिली. रंग ती भरते, आकडा आम्ही लिहितो, आणि दोन्ही जुळल्याशिवाय पान उलटत नाही. पहिल्या दिवशी आम्ही तिच्यासमोर जुन्या वहीतल्या चुकीच्या नोंदींवर रेघ मारली आणि खरी नोंद शेजारी लिहिली. खोडरबर वापरला नाही. चूक झाली होती, हेही वहीत राहायला हवं.

ज्यांना आपल्या मुलांना घरी असं काही शिकवायचं आहे, त्यांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आजाराबाबत आमचं अनुकरण करू नका, त्यासाठी आपले डॉक्टर आहेत. बाकीचं करून बघा.

सामान विकत आणायची घाई करू नका. अंडं, गाळणी, दोरी, नट, गवंड्याची नळी, गच्ची, एवढ्यात आमचं वर्ष गेलं. पुण्याच्या आयुकात अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करून मुलांना शिकवलं. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर ते त्रिकोण-चौकोन उभे करतात. त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत. आमच्या धाकटीनं त्या काड्यांचं घर केलं आणि शिकली की त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन मात्र कलतो.

प्रश्न मुलाचा असू द्या. आमचा सजीव-निर्जीवचा धडा आठ दिवसांत संपला, पट्टीचा प्रश्न वर्षभर पुरला. उत्तर येत नसेल तर तसं सांगा आणि दोघं मिळून शोधा. घरात हातानं काम करणारं कुणी असेल, अब्बा, मामू, शेजारचे प्लंबर, शिवणकाम करणारी खाला, त्यांना मास्तर करा. बीएडची पदवी आमच्याकडे एकीची आहे, पण विज्ञानाचे निम्मे तास दुसऱ्यानं घेतले.

आणि रोज एक नोंद. चांदाची, रोपाच्या उंचीची, वजूला किती पाणी लागलं त्याची, काहीही. दिसलं ते दिसलं, नाही दिसलं ते नाही दिसलं. ती नोंद आपल्याला आवडणारी नसेल त्या दिवशी तिला हात लावू नका. मूल त्याच दिवशी आपल्याकडे बघत असतं.

ठरल्याप्रमाणे जूनमध्ये ती पहिलीत गेली. पहिल्याच आठवड्यात तिच्या बाईंनी आम्हाला बोलावलं तेव्हा पोटात गोळा आला. बाई हसून म्हणाल्या, “चित्रात सूर्य काढायला सांगितला. ही म्हणते, आज ढग आहेत, मला दिसला नाही.” आम्ही काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही. बाईंनीच तिला राखाडी खडू दिला होता, हे नंतर कळलं. अशा बाई मिळाल्या, हे तिचं नशीब.

अल्हम्दुलिल्लाह, गेले अकरा महिने वहीत लिंबूच लिंबू आहे. आजार गेला असं डॉक्टर म्हणत नाहीत, आम्हीही म्हणत नाही. पट्टी चालू आहे. आज सकाळीही दाराच्या चौकटीत नट झुलला, तिनं साठ मोजले, पट्टी उजेडात धरली, बाटलीला लावली आणि आमच्याकडे न बघता पिवळा खडू उचलला. मग चहा गाळला गेला. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सगळ्या लेकरांसाठी दुआ करा.